टर्बोचं कूळ आणि शेंद्र्याची गाडी

छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा इथल्या स्कोडाच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली २००१ मध्ये. तीनच वर्षांत तिची ‘आरएस’ बाजारात आली : १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो आणि १५० अश्वशक्ती. त्या काळात आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेलची जीप नाहीतर ट्रक डोळ्यांसमोर यायचा. आज छत्रपती संभाजीनगरातल्या गाडीवेड्या पोरांच्या तोंडी सुप्रा, स्कायलाइन, इव्हो या जपानी गाड्यांची नावं असतात, आणि बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं : कोणता टर्बो बसवायचा? ‘मोठ्यात मोठा’ हे उत्तर हमखास मिळतं. ते चुकीचं आहे. का चुकीचं, हे टर्बोचं कूळ शोधत गेलं की नीट उमगतं.

कुळाचा मूळ पुरुष स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्युखी. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे वाया जाते, हे त्याला खटकत होतं. त्या धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवून इंजिनात जादा हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतलं. ती नीट प्रत्यक्षात उतरायला वीस वर्षं गेली. १९२५ मध्ये टर्बोमुळे दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेऊन टर्बोसह चालवलं. विरळ हवेत मरगळलेलं इंजिन तिथे पुन्हा जमिनीवरच्याइतकी ताकद देऊ लागलं. म्हणजे टर्बो जन्मला तो ओझं ओढायला आणि उंचीवर श्वास पुरवायला. पुढे बुलडोझर आणि ट्रक यांनी त्याला पोसलं. कॅटरपिलरच्या डी९ साठी गॅरेट कंपनीने टर्बो बनवले ते १९५० च्या दशकात.

मोटारगाडीत तो आला १९६२ मध्ये. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत गॅरेटचाच टर्बो होता. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देतं, म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय केली होती. मालक टाकी भरायला विसरायचे, तक्रारी वाढल्या, आणि कित्येक गाड्यांचे टर्बो काढून टाकावे लागले. उष्णतेचा बंदोबस्त नसेल तर टर्बो टिकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं.

जपानने हा वारसा उशिरा घेतला, पण घेतला तो मन लावून. १९७९ मध्ये निसानने सेड्रिक आणि ग्लोरिया या घरंदाज गाड्यांत टर्बो दिला. मग दहा वर्षांत चित्र पालटलं. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोसमातल्या १६ पैकी १५ शर्यती होंडाच्या दीड लिटरच्या इंजिनाने जिंकल्या. त्यावरचे टर्बो आयएचआय या जपानी कंपनीचे होते. ही कंपनी मूळची १८५३ ची जहाजगोदी. ब्युखीचं जहाजाशी जुळलेलं नातं असं टोकियोतही भेटतं.

इथे या कुळातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घटना घडते. रस्त्यांवरचे अपघाती मृत्यू वाढले म्हणून १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं की २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. हा करार २००४ पर्यंत पाळला गेला. त्यामुळे अभियंत्यांनी इंजिनाचा सांगाडा दणकट ठेवला आणि टर्बो लहान. १९९३ च्या सुप्रातलं तीन लिटरचं २जेझेड इंजिन घ्या : ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सात मुख्य बेअरिंग, आणि दोन टर्बो. एक आधी फिरायचा, मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास दुसरा जोडीला यायचा. हेतू हा की खालच्या फेऱ्यांवर पिकअप मरू नये. स्कायलाइन जीटी-आरच्या टर्बोंना हलकी सिरॅमिक चक्रं होती, तीही चटकन फिरावीत म्हणूनच. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, बेताबाहेर वाढवला की ती तडकत. जगभरच्या गॅरेजांत या गाड्यांवर मोठे टर्बो चढले ते या दबून राहिलेल्या ताकदीपायी.

आता निवडीचं बोलू. टर्बोच्या नावातच पुष्कळ काही असतं. गॅरेटच्या जीटी३५८२ मधला ८२ म्हणजे हवा दाबणाऱ्या चक्राचा मिलिमीटरमधला व्यास. जी२५-६६० मधला ६६० म्हणजे तो टर्बो साधारण किती अश्वशक्तीपुरती हवा देऊ शकतो तो आकडा. अंदाजी हिशेब असा की मिनिटाला एक किलो हवा म्हणजे २२ अश्वशक्ती. सुप्रातून ६०० हवी असतील तर मिनिटाला २७ किलो हवा लागेल. तीन लिटरचं इंजिन ६,५०० फेऱ्यांवर एवढी हवा घेणार, तर आत सुमारे २८० किलोपास्कल दाब हवा. मुंबईत बाहेरचा दाब १०१, म्हणजे हवा पावणेतीन पट दाबावी लागते. आपलं शहर साडेपाचशे मीटरहून उंचावर, दाब ९५ च्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट. त्यात मे महिन्यातली ४२ अंशांची हवा आत घेतली तर टर्बोतून बाहेर पडताना ती २०० अंशांच्या घरात जाते. परदेशातल्या कुणाची यादी जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही ती यामुळे. हवा आणि दाब यांचा मेळ दाखवणारा प्रत्येक टर्बोचा नकाशा मिळतो. त्यावर आपला बिंदू मांडायचा. डाव्या काठाला गेलात तर हवा उलटी धडकते, उजव्या काठाला गेलात तर टर्बो नुसता हवा तापवत बसतो. मधल्या पट्ट्यात राहणारा, त्यातल्या त्यात लहान टर्बो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

जुना टर्बो घेताना दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर हरकत नाही, तिथे तेलाचा थर असतो. पुढे-मागे सरकला तर तो टर्बो ठेवून द्या.

शेंद्र्याच्या गाड्यांवर हेच गणित अगदी सोपं होतं. पहिल्या आरएसवर जर्मनीच्या केकेकेचा के०३ कुळातला टर्बो. त्याच घराण्यातला के०४ ही तिची रुळलेली पुढची पायरी. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली. तिचा आयएस२० टर्बो थेट आयएचआयचा आणि त्याचा थोरला भाऊ आयएस३८. जपानी कूळ आपल्या एमआयडीसीपर्यंत पोचलं ते असं. पुढे सुप्रावाली टोयोटाही येऊ घातली आहे : जवळच्या बिडकीनच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारशी करार केला.

इंधनाचंही ध्यानात घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ठोके थोपवायला मदत करतं, हवा थंड ठेवतं. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून इंजेक्टर आणि पंप मोठे लागतात. टर्बोच्या आधी तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, क्लच आणि ब्रेक यांवर पैसे घाला.

आणि एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत असे फेरफार करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा अशी गाडी बांधायची तर शर्यतीसाठीच बांधा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही शर्यत भरते, चेन्नई-कोइम्बतूरला ट्रॅक आहेत. शहरातल्या जालना रोडवर ती जोरात काढू नका.