रेशमाचा किडा आणि घरातले मूल

देवपूजेला मुकटा नेसावा, लग्नात शालू किंवा पैठणी असावी, ही आपली जुनी रीत आहे. ज्या किड्याच्या तोंडच्या धाग्यातून हे वस्त्र निर्माण होते त्या किड्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आज त्याचीच कथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे. पण ती वस्त्राची कथा नव्हे. या किड्याच्या पायी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील दोन माणसे एकदा एकत्र आली आणि पुढे दोन वेगळ्या वाटांनी गेली. एक वाट आजारी मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचली, दुसरी कीटकांच्या शरीरातील रसायनांपर्यंत. या दोन्ही वाटांवर कोणता विचार उपयोगी पडला, हे पाहणे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

ही भेट १८६५ साली झाली. त्या वेळी दक्षिण फ्रान्समधील रेशीमधंदा बुडत चालला होता. १८५३ साली त्या देशात सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते. १८६५ साली ते जेमतेम ४० लाख किलोवर आले. अळ्यांच्या अंगावर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे काळे ठिपके उठत, त्या खाणे सोडत आणि कोष न विणताच मरत. तुतीच्या बागा उभ्या होत्या, पण पाने खाणारे कोणी उरले नव्हते. सरकारच्या वतीने रसायनशास्त्रज्ञ द्यूमा यांनी आपला शिष्य लुई पाश्चर याला हे काम गळी उतरविले. पाश्चरने रेशमाचा किडा तोपर्यंत हाताळलाही नव्हता.

वाटेत तो आव्हीन्यों येथे ज्याँ आंरी फाब्र या शिक्षकाकडे गेला. फाब्रला कीटकांचे वेड होते. त्याने कोष आणून दिले. पाश्चरने एक कोष कानाशी हलवून पाहिला, आत काही तरी खुळखुळते म्हणून आश्चर्य केले आणि आत काय आहे ते विचारले. अळीचा पतंग होण्यापूर्वीची अवस्था कोषात असते, हेही त्याला ठाऊक नव्हते! फाब्रने पुढे ही हकीकत लिहून ठेवली, पण थट्टेने नव्हे. इतक्या कोऱ्या मनाने जो प्रश्नाला भिडतो त्याचे त्याला कौतुकच वाटले. ज्याला आधीचे काही ठाऊक नाही, त्याला आधीच्या चुकांचेही ओझे नसते.

पाश्चर अले या गावी जाऊन राहिला. रोगी किड्यांत सूक्ष्म कण दिसतात, हे त्याच्या आधीच काहींनी पाहिले होते. हे कण म्हणजे रोगाचे कारण नसून परिणाम होय, अशी त्याची आरंभीची समजूत होती. ती चुकीची ठरली, आणि ती सोडण्यास त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. शिवाय रोग एक नव्हता. ठिपक्यांचा पेब्रीन निराळा आणि पोट बिघडून अळ्या लिबलिबीत होऊन मरतात तो रोग निराळा, हे कळेपर्यंत प्रयोगांचा मेळच बसेना.

शेवटी हाती आलेली रीत अगदी साधी होती. प्रत्येक मादीला वेगळ्या कापडावर अंडी घालू द्यावी. मग ती मादी पाण्यात वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. कण दिसले तर त्या मादीची सर्व अंडी जाळावी. न दिसले तर ती बियाण्यास ठेवावी. आईचा रोग अंड्यांतून पिलांत उतरतो, म्हणून आई तपासली की पिलांचे भविष्य कळते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून पाश्चरने वेगवेगळ्या बियाण्याचे काय होईल याचे भाकीत आधीच लिहून, पाकीट मोहोरबंद करून, एका गावाच्या नगराध्यक्षाकडे ठेविले. हंगामानंतर ते उघडले तेव्हा बहुतेक भाकिते खरी ठरलेली दिसली. आधी सांगणे आणि मग मोजणे, ही विद्येची खरी कसोटी आहे.

ही वर्षे पाश्चरच्या घरात मात्र फार वाईट गेली. १८५९ मध्येच त्याची थोरली मुलगी झान विषमज्वराने गेली होती; तिचे वय ९ वर्षांचे. १८६५ च्या जूनमध्ये त्याचे वडील वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन वर्षांची कामीय गेली. १८६६ च्या मेमध्ये १२ वर्षांची सेसील विषमज्वरानेच गेली. पाच मुलांपैकी दोन उरली. १८६८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तरी त्याने अंथरुणावरून टिपणे सांगून लिहविली आणि काम चालू ठेविले. किड्यांच्या आईची तपासणी करून पिले वाचविणाऱ्या माणसाला आपली मुले वाचविता येत नव्हती, याचे दुःख त्याला किती झाले असेल, हे आम्ही सांगावयास नको.

किड्याच्या रोगावरून माणसाच्या रोगाची औषधे आपोआप निघाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. किड्याने शिकविली ती पद्धत: रोग निरनिराळे ओळखावे, एकाचा दुसऱ्याला संसर्ग कसा होतो ते पाहावे आणि आपल्या उपायाचा ताळा घ्यावा. हाच धडा त्याचा सहकारी एमिल रू याच्या हातून मुलांच्या रुग्णालयात पोहोचला.

घटसर्प हा त्या काळी मुलांचा काळ होता. घशात पडदा वाढे, श्वास कोंडे आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल जाई. १८८८ साली रू आणि येर्सँ यांनी दाखविले की, या जंतूचे विष घशातून अंगभर पसरते. १८९० मध्ये जर्मनीत बेरिंग आणि किटासाटो यांनी त्या विषाचा उतारा प्राण्याच्या रक्तरसात मिळविला. १८९४ च्या फेब्रुवारीपासून रू याने घोड्याचा रक्तरस पॅरिसमधील बालरुग्णालयात येणाऱ्या घटसर्पाच्या मुलांना सरसकट टोचण्यास प्रारंभ केला. मागील चार वर्षांत तेथे शंभरांतील सुमारे ५२ मुले दगावत असत. रक्तरस दिल्यावर ४४८ मुलांत हे प्रमाण शेकडा २४ वर आले. त्याच महिन्यांत त्याच शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात, जेथे रक्तरस दिला जात नव्हता, ते शेकडा ६० होते.

एवढ्यावर कोणाचेही समाधान व्हावे. तरी शंका घेणारे होतेच, आणि त्यांची शंका अनाठायी नव्हती. साथ एखाद्या वर्षी उग्र असते, एखाद्या वर्षी सौम्य. एका रुग्णालयात मरणोन्मुख मुले अधिक येतात, दुसऱ्यात कमी. मग मूल रक्तरसाने वाचले की दैवाने? कोपनहेगनमधील फिबिगर या तरुण डॉक्टराने याला उत्तर शोधले. एका दिवशी दाखल झालेल्यांस रक्तरस द्यावयाचा, दुसऱ्या दिवशीच्यांस नाही, असे त्याने वर्षभर केले. १८९८ मध्ये त्याने आकडे दिले: रक्तरस मिळालेल्या २३९ रुग्णांपैकी ८ दगावले, न मिळालेल्या २४५ पैकी ३०. या ३० जणांचा विचार मनात आला की चैन पडत नाही. रू याने कोणालाही औषध नाकारले नाही. फिबिगरने निम्म्यांना दिले नाही, आणि शंकेला जागा उरू दिली नाही. यांतील कोणाचे अधिक बरोबर, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण आज कोणतीही नवी लस मुलाच्या दंडाशी येण्यापूर्वी जी चाचणी होते, तिच्यामागे हा पेच उभा असतो, हे विसरू नये.

आता दुसरी वाट. फाब्र आपल्या किड्यांतच राहिला. त्याच्याही घरी मृत्यू आला. कीटक गोळा करण्यात हौसेने साथ देणारा १६ वर्षांचा मुलगा झ्यूल १८७७ साली गेला. पुढे एका मे महिन्यात त्याच्या घरी मोठ्या मोरपतंगाची मादी कोषातून बाहेर आली. ती त्याने जाळीखाली ठेविली. रात्री नऊच्या सुमारास धाकट्या मुलाने हाक मारली. पाहतात तो घरभर नरपतंग! त्या रात्री सुमारे चाळीस नर अंधारातून तिला शोधीत आले. दुसऱ्या एका जातीच्या मादीला त्याने काचेच्या बंद झाकणाखाली डोळ्यांसमोर ठेविले, तेव्हा नर तिच्याकडे न वळता, ती रात्री जेथे बसली होती त्या रिकाम्या जागेकडे गेले. म्हणजे बोलावणे रूपाचे नव्हते, गंधाचे होते. पण हा गंध माणसाच्या नाकाला मुळीच येत नसे. तो काय असावा हे फाब्र सांगू शकला नाही.

उत्तर मिळाले ते पुन्हा रेशमाच्याच किड्यापाशी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट याने सुमारे वीस वर्षे या कामी घातली. ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथींतून अखेरीस मिळाले ते काही मिलिग्रॅम द्रव्य. नर पंख फडफडवितो की नाही, हीच त्याची परीक्षा होती. १८६५ च्या त्या भेटीनंतर चौऱ्याण्णव वर्षांनी, १९५९ साली, या द्रव्याची रचना जाहीर झाली: सोळा कार्बनअणूंची साखळी असलेला एक अल्कोहोल, बॉम्बिकॉल. त्याच वर्षी अशा द्रव्यांना फेरोमोन हे नाव मिळाले.

या दोन्ही वाटा आज आपल्या दारापर्यंत आलेल्या आहेत. विदर्भ-खानदेशातील कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीचा नर पतंग पकडण्यास जो कामगंध सापळा टांगतात, त्यातील वडी म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल होय. अळी आली की नाही हे त्यावरून कळते, आणि विष उगीच फवारावे लागत नाही. रेशमाचे रोगमुक्त अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत आजही मादी पतंग वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आणि घरातले तान्हे दीड महिन्याचे झाले की आपण त्याला जी लस टोचून आणतो, तीत घटसर्पावरील भाग असतो.

‘किडा’ हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. किडामुंगीसारखे जिणे म्हणतो. आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी घरातील मुलाला लस टोचून आणाल, तेव्हा त्याच्या टोचणीच्या कार्डावरील तारीख जपून ठेवा, आणि पुढची चुकवू नका. ती तारीख कोणी तरी मुलामागून मूल मोजून, स्वतःची मुले गमावून, आपल्यासाठी मिळवून ठेवलेली आहे.