ड्रायव्हर बदलला आणि संगणक कोलमडला...

ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर बसवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा समोर यावा, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी 'फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका' हा सल्ला हमखास मिळतो. तो घाईने अमलात आणला, तर वर्षानुवर्षे जपलेली छायाचित्रे, हिशेब आणि कागदपत्रे कायमची गमावण्याची वेळ येते. वास्तविक, सदोष ड्रायव्हरमुळे हार्ड डिस्कवरील माहितीला सहसा धक्का लागत नाही. जुना ड्रायव्हर परत आणला की बहुतेक वेळा संगणक पूर्ववत होतो.

असे का होते?

ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्रसामग्री यांच्यातील दुभाषा होय. साधा प्रोग्राम बिघडला, तर तो एकटाच बंद पडतो. मात्र अनेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालतात. तेथे चूक झाल्यास पुढील हानी टाळण्यासाठी विंडोज स्वतःच संगणक थांबवते. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा निळा पडदा काळा झाला आहे.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा प्रत्यय घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा ड्रायव्हर एक सदोष फाइल वाचताना कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हाही उपाय साधाच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकणे.

काय करावे?

१. पडद्यावरील सांकेतिक संदेश टिपून ठेवावा. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असा संदेश आल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेळेत प्रतिसाद देत नाही, असे समजावे.

२. विंडोज सुरू होत असल्यास शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे. सुरूच होत नसल्यास लागोपाठ काही प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या मार्गाने जाऊन 'रीस्टार्ट' करावे आणि ४ ही कळ दाबून सेफ मोड सुरू करावा.

३. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये संबंधित उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'ड्रायव्हर' विभागातील 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडावे. विंडोज एक्सपीपासून ही सोय उपलब्ध आहे.

४. हे बटण फिके दिसत असल्यास जुनी प्रत शिल्लक नाही, असा अर्थ होतो. मग ड्रायव्हर 'अनइन्स्टॉल' करून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील आधीची आवृत्ती बसवावी किंवा 'सिस्टीम रीस्टोअर'चा आधार घ्यावा. सिस्टीम रीस्टोअरमुळे वैयक्तिक फाइल्स पुसल्या जात नाहीत.

ड्रायव्हर परत फिरवूनही संगणक कोसळत राहिला, तर मेमरी, वाढलेले तापमान किंवा वीजपुरवठा यांकडे संशयाने पाहावे. तंत्रज्ञाकडे नेण्याची वेळ आलीच, तर फॉरमॅट करण्यापूर्वी माहितीची प्रत काढण्यास त्यास आवर्जून सांगावे.

आधीच घ्यावयाची काळजी

संगणकावर बिटलॉकर सुरू असल्यास दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. कार्यालयीन संगणकाची की तेथील संगणक विभागाकडे मिळते. ती हाताशी नसेल, तर सुरक्षित असलेली माहितीही कुलूपबंदच राहते. त्यामुळे ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवणे श्रेयस्कर. नवा ड्रायव्हर बसवण्यापूर्वी 'रीस्टोअर पॉइंट' तयार करावा आणि महत्त्वाच्या फाइल्सची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. लॅपटॉपसाठी त्याच्या उत्पादकानेच दिलेला ड्रायव्हर वापरणे अधिक सुरक्षित ठरते. संगणक सुरळीत चालत असेल आणि सुरक्षेची त्रुटी दूर करावयाची नसेल, तर केवळ नवा आला म्हणून ड्रायव्हर बदलण्याची घाई नको.