देवराई : श्रद्धेनं राखलेलं रान

एजवेअरमधल्या आपल्या मराठी घरांतली मुलं शाळेत पर्यावरणाचे धडे गिरवतात आणि घरी येऊन आई-बाबांनाच कचरा वेगळा करायला शिकवतात! 'आपल्याकडे असं काही होतं का?' असं त्यांनी विचारलं, तर एक उत्तर आपल्याजवळ नक्की आहे. ते म्हणजे देवराई.

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. रत्नागिरीकडे तिला देवरहाटी म्हणतात. नियम साधे, पण कडक. इथे कुऱ्हाड चालवायची नाही. अनेक ठिकाणी तर वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. अगदीच गरज पडली तर देवाला कौल लावायचा. हे देवही बहुतेक वाघजाई, काळकाई यांच्यासारखे, उघड्यावर बसलेले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अशा मातृदेवतांचा माग शेतीपूर्व, शिकार करून जगणाऱ्या समाजापर्यंत नेला. म्हणजे ही प्रथा फार जुनी असावी.

इंग्रजी अमलात 1864 साली वनखातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख डिट्रिश ब्रँडिस यांनी भारतातल्या अशा राखीव देवरानांची आवर्जून नोंद केली. पण खात्याच्या हिशेबात जंगल म्हणजे मुख्यतः लाकूड. 1878 च्या कायद्यानं सरकारी जंगलांचा पसारा वाढला आणि गावाचा रानावरचा हक्क आक्रसत गेला.

स्वातंत्र्यानंतर देवरायांकडे शास्त्रीय नजरेनं पाहिलं ते पुण्याच्या दोघांनी. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. सह्याद्रीतल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध 1976 साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक देवरायांची यादीही केली. या कामाची बातमी वाचून श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना साकडं घातलं. त्यांची देवराई तोडण्याचा सरकारी बेत होता. आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले आणि गावचा ओढा उगम पावायचा तो त्या राईतच. राई गेली तर पाणी जाईल, हे गावकऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं!

पुस्तकातलं शिक्षण मागाहून आलं. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत शिकवण्याचा आदेश दिला. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेही पुण्याच्याच डॉ. एरक भरुचा यांनी. जगभरच्या धर्मांनीही या प्रश्नाकडे वळून पाहिलं. 1986 साली इटलीतल्या असिसी इथं हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाची जाहीरनामे मांडली. हिंदूंच्या वतीनं डॉ. करणसिंग होते.

मग देवराया सुरक्षित झाल्या का? दुर्दैवानं नाही. देवाचा धाक ओसरला आणि नव्या शिक्षणाची जाण अजून सगळीकडे रुजलेली नाही. मधल्या मध्ये झाडं जातात. गंमत म्हणजे काही ठिकाणी ती देवासाठीच जातात! उघड्यावरच्या काळकाईला सिमेंटचं देऊळ हवं, सभामंडप हवा, गाडी थेट दारात जायला हवी. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली जातात. देव राहतो, राई जाते.

इथं आपला, परदेशस्थांचा, संबंध येतो. गावच्या देवळासाठी देणगीची चिठ्ठी आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे येते आणि आपण ती मनापासून पाळतोही. पैसे पाठवण्याआधी एवढंच विचारूया, 'राईतली किती झाडं जाणार?' कळस थोडा लहान झाला तरी चालेल, पण सातवीण आणि बेहडा उभे राहू देत, असं देणाऱ्यानं सांगितलं तर घेणारा ऐकतो.

मुलांना हे समजावणं कठीण नाही. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारात यू वृक्ष दिसतात, काही तर हजार वर्षांहून जुने. जागा पवित्र म्हणून झाडंही वाचली. आणि एजवेअरशेजारच्या स्क्रॅचवुडच्या रानात ओक, हॉर्नबीम आहेतच. आधी ते रान दाखवा आणि पुढच्या सुट्टीत गावची देवराई. बाकीचं ती आपणहून विचारतील.