प्रत्यंचेवरील अंगुलिन्यास : ग्रंथ, कथा आणि सातपुड्यातील सराव

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान व ‘लीळाचरित्रा’चे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदंबेने आपले ‘धवळे’ येथेच रचिले. त्यांचा विषय विदर्भकन्या रुक्मिणीचा विवाह. या कथेतील रुक्मिणीचा भाऊ रुक्मी हा महाभारताच्या उद्योगपर्वात एक श्रेष्ठ धनुर्धर म्हणून येतो. द्रुम नामक किंपुरुष गुरूपासून त्याने चतुष्पाद धनुर्वेद संपादन केला आणि ‘विजय’ नावाचे धनुष्य त्याला मिळाले, असे तेथे सांगितले आहे. याच रिद्धपुराच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर दिसू लागतात. ते ज्या सातपुड्याचे अंग आहेत, त्याच्या पश्चिम भागात भिल्लांचा तिरकमठा आजही पूर्णपणे नामशेष झालेला नाही. एका बाजूस ग्रंथांतील धनुर्वेद आणि दुसऱ्या बाजूस डोंगरातील तिरकमठा, अशा दोन परंपरा वऱ्हाडातून एकाच वेळी दृष्टीस पडतात. त्यांतील भेद धनुष्याच्या आकारापेक्षाही प्रत्यंचा धरणाऱ्या बोटांत अधिक स्पष्ट होतो.

बाण सोडण्याच्या पद्धतींचे पहिले व्यवस्थित वर्गीकरण अमेरिकन अभ्यासक एडवर्ड मोर्स यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी मुख्यतः पाच प्रकार मानले. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बाणाचे टोक धरणे हा प्राथमिक प्रकार. त्याच चिमटीस इतर बोटांचे साहाय्य देणारे दुय्यम व तृतीय हे पुढील दोन. बोटांच्या अग्रांनी दोरी मागे घेणे व अंगठ्याचा उपयोग न करणे हा भूमध्यसागरी प्रकार. अंगठ्याचा आकडा करून त्यात दोरी अडकविणे व तर्जनीने त्यास कुलूप घालणे हा मंगोल प्रकार. हे वर्गीकरण हाती घेऊन आपल्या ग्रंथांकडे पाहिले असता काही गोष्टी नव्याने उलगडतात.

इ. स. १३६३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तील धनुर्वेदप्रकरणात आणि वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत पाच गुणमुष्टी वर्णिल्या आहेत. पताकेत लांबविलेली तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी टेकते. तिचा उपयोग दूर बाण टाकण्यासाठी. वज्रमुष्टीत अंगठा तर्जनी व मध्यमा यांच्या मध्ये शिरतो. ती जड नाराचासाठी. सिंहकर्णात तर्जनीचे अग्र अंगठ्याच्या मध्यावर असते; ती दृढ लक्ष्याच्या वेधासाठी. मत्सरीत ते अंगठ्याच्या नखमुळाशी येते, ती चित्रलक्ष्यासाठी. काकतुंडीत ते अंगठ्याच्या टोकावर येते. ती सूक्ष्म लक्ष्यासाठी. वज्रमुष्टी वगळता उरलेल्या चौघींचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. तर्जनीचे टोक अंगठ्याच्या मुळापासून अग्राकडे सरकत जाते आणि त्याबरोबर लक्ष्य दूर किंवा कठीण न राहता बारीक होत जाते. पकड जितकी भक्कम, तितकी ओढ जबर. पकड जितकी हलकी, तितकी सुटका नाजूक, हे तत्त्व या क्रमाच्या मुळाशी असावे. काकतुंडी मोर्स यांच्या प्राथमिक प्रकाराच्या जवळ जाते, तर सिंहकर्ण व मत्सरी मंगोल प्रकाराच्या. परंतु पाचही मुष्टींत अंगठा हेच केंद्र आहे.

अंगठ्याच्या या प्राधान्याचे कारण धनुष्याच्या घडणीत सापडते. शिंग, लाकूड व स्नायू यांच्या थरांनी बनविलेले संयुक्त धनुष्य आखूड असते. ते पूर्ण ओढले की दोरीचा कोन अरुंद होतो आणि तीन बोटे त्यात चिमटतात. अंगठा दोरीला एकाच ठिकाणी धरतो, म्हणून तो अशा धनुष्यास सोयीचा. दोरीने कातडे सोलू नये व ती अडखळल्याविना निसटावी, यासाठी अंगठ्यात कडे घालीत. मोगल दरबारात हे कडे जेडसारख्या मौल्यवान दगडाचे असे. याउलट भिल्लांचा कमठा बांबूचा व लांब, आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातीची. अशा धनुष्यास अंगठ्याच्या कुलपाची गरज नाही. तर्जनी व मध्यमा यांनी ते सहज ओढता येते, आणि भिल्ल धनुर्धर ते तसेच ओढतात.

या रीतीची संगती लोकपरंपरा एकलव्याशी लावते; पूर्वजाचा अंगठा गेला, म्हणून वंशजांनी तो वापरला नाही. या श्रद्धेचे मोल तिच्या जागी आहेच. पण आदिपर्वातील कथा तंत्राच्या दृष्टीनेही वाचण्याजोगी आहे. अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी धनुष्य ओढू लागला, मात्र पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, एवढेच ती सांगते. त्याचा नेम चुकू लागला असे ती म्हणत नाही. यावरून तीन अनुमाने निघतात. कथाकारास अंगठ्याची ओढ प्रशस्त वाटत होती. बोटांची ओढ त्याला अज्ञात नव्हती. आणि दोहोंतील भेद तो लाघवाचा मानीत होता. हा भेद यथार्थ आहे. अंगठ्याच्या ओढीत उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगास राहतो, म्हणून तो भात्यातून काढून झटपट चढविता येतो. बोटांच्या ओढीत तो बहुधा डाव्या अंगास असतो व हात वळवून न्यावा लागतो. युद्धात हा फरक निर्णायक ठरेल. शिकारीत एकाच बाणासाठी दबा धरून बसणाऱ्यास तो जाणवणारही नाही.

बाणाची बाजू व बोटांची ठेवण यांचा संबंध याहूनही खोल आहे. दोरी बोटांवरून सुटताना किंचित डावीकडे, तर अंगठ्यावरून सुटताना किंचित उजवीकडे ढकलली जाते. त्या धक्क्याने बाण वाकतो व लवत लवत धनुष्याच्या काठीस वळसा घालून सरळ होतो. १९३० नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांच्या अतिशीघ्र चलच्चित्रांनी हे प्रत्यक्ष दाखविले. म्हणून एका रीतीची पकड व दुसऱ्या रीतीची बाजू यांची सरमिसळ नव्या अभ्यासकाचा बाण हमखास बहकविते. सुटकेचा दुसरा दोष म्हणजे दोरीला हिसका देणे. बोटे मुद्दाम उघडली की दोरी बाजूस खेचली जाते. उत्तम सुटकेत बोटे उघडावी लागत नाहीत. मनगट सरळ व ओढ खांद्यापाठीच्या स्नायूंत कायम ठेवून बोटांचा ताण फक्त सैल केला जातो, आणि हात आपोआप मागे जातो. हा नियम काकतुंडीस लागू आहे, तसाच बांबूच्या कमठ्यासही.

अर्वाचीन इतिहासही या समानतेस पुष्टी देतो. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी धनुर्धर लिंबाराम यांची निवड १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष योजनेतून झाली. पुढे १९८८, १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिक स्पर्धांत ते उतरले. त्यांनी ज्या प्रकारात नाव मिळविले, त्यात प्रत्यंचा बोटांनीच ओढतात. याउलट २०२३ मध्ये बर्लिन येथे नागपूरचे ओजस देवतळे ज्या कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, त्यात दोरी यांत्रिक चापाने धरली जाते. तेथे बोटांचा प्रश्न दोरीवरून चापाच्या कळीवर गेला. हिसका न देण्याची शिस्त मात्र तीच राहिली.

तात्पर्य, अंगठ्याची ओढ श्रेष्ठ व बोटांची ओढ हीन हा निवाडा तंत्राचा नव्हे. तो दरबारी शस्त्राने रानातल्या शस्त्राविषयी दिलेला आहे. ग्रंथातील पाच मुष्टींना नावे मिळाली, कारण त्या लिहिल्या गेल्या. भिल्लांच्या दोन बोटांना शास्त्रीय नाव मिळाले नाही, कारण ती रीत हातातून हातात गेली. दोरी बोटाच्या कोणत्या पेरावर बसते, अंगठा कोठे राहतो, बाण कोणत्या अंगास असतो आणि सुटकेनंतर हात किती मागे जातो, या चार गोष्टींची सातपुड्यातील गावोगावी मोजून नोंद झाली, तर धनुर्वेदाच्या इतिहासाचा हा अलिखित पाद लिहिता येईल. ज्यांच्या हातात ही विद्या आहे अशा वृद्धांची संख्या घटत असल्याने या कामास विलंब परवडणारा नाही.