गिरणगावातील विरहगीते

गिरणगावातील विरहगीते : मुंबईच्या परळ, लालबाग व लगतच्या गिरणी-विभागांत विसाव्या शतकात लोकप्रिय झालेली, गावी राहिलेल्या प्रियेची आठवण आळवणारी शाहिरी गीते. लावणी व छक्कड हे त्यांचे प्रमुख रचनाप्रकार होत.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ वाढला. त्यांतील बहुतेक पुरुष बायकामुलांना गावी ठेवून येत. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेहूनही कमी होती. चाळीतील एकाच खोलीत अनेकांनी राहावे व खानावळीत जेवावे, असा हा संसार होता. भजन, शक्ति-तुरा व तमाशा ही त्यांची रात्रीची करमणूक असे. लालबागचे हनुमान थिएटर तमाशासाठी प्रसिद्ध होते.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी मुंबईच्या वैभवाचे वर्णन लावणीत केले. अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांनी त्याच नावाच्या, ‘मुंबईची लावणी’ या रचनेत श्रीमंती व दारिद्र्य यांतील विषमता मांडली. त्यांनी स्वतः गिरणीत काम केले होते. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथका’तून शाहिरी केली.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या प्रकारातील सर्वांत प्रभावी रचना होय. दारिद्र्यामुळे पत्नीला सोडून मुंबईस आलेला कामगार प्रारंभी तिच्या रूपगुणांचे वर्णन करतो. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या संदर्भात हा विरह बेळगाव, कारवार, निपाणी या दुरावलेल्या भागांशी जोडला जातो. खाजगी दुःखास सामुदायिक मागणीचा अर्थ देणे, हे या गीताचे वैशिष्ट्य होय.

खेड्यांतून शहरात आलेल्या कष्टकऱ्यांची अशी गीते अन्यत्रही आढळतात. जपानमध्ये फ्रँक नागाईच्या १९५७ च्या गीतात टोकिओच्या यूराकुचो भागातील प्रेमिकांची भेट आहे, तर इझावा हाचिरोच्या १९६४ च्या गीतात उएनो स्थानकावर उतरलेल्या ग्रामीण तरुणाची गावाविषयीची ओढ आहे. गिरणगावच्या गीतांत मात्र शहरातील रात्र ही मीलनाची नसून आठवणीची असते. या गीतांत बोलतो तो पुरुष. मुंबईस गेलेल्या धन्याविषयीची स्त्रीची भावना जात्यावरील ओव्यांत व्यक्त झाली आहे. विरहाची ही दोन्ही अंगे एकत्र वाचल्याशिवाय त्याचे चित्र पूर्ण होत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी होते. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या व पुष्कळ कामगार गावी परतले. ज्या जीवनातून ही गीते निर्माण झाली ते त्याबरोबर ओसरले. मात्र अण्णाभाऊंची छक्कड शाहिरांच्या कार्यक्रमांतून आजही गायिली जाते.