माती ओली आहे तोवर

आमच्या पेणच्या कारखान्यात (गणपतीच्या, पेणात कारखाना म्हटलं की दुसरं काही डोक्यात येत नाही) ऑर्डरची एक वही असते. नाव, उंची, बैठक, सोंड, पितांबराचा रंग, न्यायचा दिवस. सगळं एका ओळीत. वडिलांचा नियम एकच होता: काय ते माती ओली आहे तोवर बोला. साच्यातून नुकत्याच काढलेल्या मूर्तीचा हात वर करायचा तर पाच मिनिटांचं काम. रंग चढल्यावर तोच हात हलवायचा म्हणजे मूर्ती मोडायची. एका वर्षी मीच वही न बघता उजव्या सोंडेची मूर्ती डाव्या सोंडेची सांगून ठेवली. साचेवाल्याने केली, रंगाऱ्याने रंगवली, आखणीवाल्याने डोळे उघडले. कोणीच कोणाला विचारलं नाही. चूक माझी, राबले तिघं.

ही वही डोक्यात असल्यामुळे असेल, रोह्याच्या रेल्वेची गोष्ट मला नेहमी ऑर्डरची गोष्ट वाटते.

माझ्या लहानपणी रेल्वे आपट्याला संपायची. १९८६ साली ती आमच्या पेणवरून रोह्याला पोचली आणि तिथे थांबली. पुढे महाड, चिपळूण, सावंतवाडी, सगळं एस.टी.च्या भरवशावर. कोकणात रेल्वे हवी ही मागणी तोवर म्हातारी झाली होती. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं, बॅरिस्टर नाथ पै संसदेत बोलत राहिले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर आपटा-रोहा मार्गी लागला. पण ‘कोकणात रेल्वे हवी’ ही काही ऑर्डर नव्हे. ‘एक चांगला गणपती द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आम्हालाही भेटतं. उंची सांग बाबा!

उंची सांगितली गेली ती १९९० मध्ये. जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ ही चार राज्यं भागीदार, बाकीचा पैसा रोखे विकून. १५ सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. मार्ग कसा हवा हे तेव्हाच कागदावर आलं: ताशी १६० किलोमीटर वेगाला चालेल असा आणि चढ दीडशेला एकपेक्षा जास्त नाही. म्हणजे दीडशे मीटर पुढे जाताना गाडीने जेमतेम एक मीटर वर चढायचं. ओळ छोटी, पण कोकणाचा नकाशा समोर धरून वाचा. डोंगर दिसला की वळसा नाही, चढणं नाही, आरपार जायचं. बोगदे किती झाले? एक्क्याण्णव. करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटर. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल. एका ओळीची एवढी किंमत. पण ती माती ओली असताना मान्य केलेली होती, म्हणून कुणाला मधेच धक्का बसला नाही.

काम सात विभागांत वाटलं होतं, महाडपासून उडुपीपर्यंत, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. लहानसहान निर्णय त्याने जागेवरच घ्यायचे, बेलापूरच्या मुख्यालयाला फाइल पाठवून वाट बघत बसायचं नाही. कचेऱ्यांत उलटी घड्याळं टांगली होती. किती दिवस उरले एवढंच ती दाखवायची. आमच्याकडे हे काम कॅलेंडरवरची चतुर्थी करते, पण चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. रेल्वेची ढकलली गेली.

गोव्यात मार्गाच्या जागेवरून आंदोलन पेटलं. खाजण शेतं जातील, किनाऱ्याकडच्या वस्त्या मोडतील, गाडी आतल्या अंगाने न्या. न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला, काम थांबलं. लोक चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना विचारलं गेलं ते रंग चढल्यावर. मग पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती, खणलं की ढासळायची. रोहा ते वीर गाडी १९९३ मध्येच धावू लागली होती, पण सलग मार्गावरून पहिली प्रवासी गाडी गेली २६ जानेवारी १९९८ ला.

वहीत एक रकाना मात्र कमी पडला होता. पावसाचा. डोंगर उभा कापून केलेल्या खिंडींतून धोंडे सुटायला लागले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ अपघात झाला, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर जाळ्या बसल्या, गस्त वाढली, पावसाळ्यात वेग उतरवला. एकेरी मार्गाची काटकसरही अशीच फिरून आली. रोहा-वीर दुपदरी व्हायला २०२१ उजाडलं.

तरी शेजारचा मुंबई-गोवा महामार्ग पाहिला की मी रेल्वेबद्दल गप्प बसतो. पनवेल-इंदापूर ८४ किलोमीटर, रुंदीकरण २०११ पासून. कर्नाळा अभयारण्यातून जायला वनखात्याची परवानगी लागणार हे पेणातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जमिनी मिळायच्या आत खोदाई, आणि दशक उलटलं तरी वडखळपाशी खड्डे.

या कहाणीत एक मूर्ती कुणीही न मागता घडली. १९९९ पासून कोलाडला ट्रक चक्क वाघिणीवर चढवतात, ड्रायव्हर केबिनमध्येच, आणि गाडी दक्षिणेला निघते. एकदा पाहायला म्हणून गेलो होतो. एक ड्रायव्हर पाय स्टिअरिंगवर टाकून घोरत होता आणि ट्रक दक्षिणेच्या वाटेला लागला होता.

पेणचे गणपती सुटतात ते भर श्रावणात. नेमकं त्याच सुमारास पावसाळी वेळापत्रक लागू असतं. ज्या चाकरमान्यांसाठी हा मार्ग मागितला, ते गणपतीला निघतात तेव्हा १६० ची गाडी जपून, हळू हळू जाते. कुडाळचं एक गिऱ्हाईक दर वर्षी मूर्ती मांडीवर घेऊन जातं. त्याच्या ओळीपुढे मी पेन्सिलने लिहून ठेवतो: गाडी उशिरा, दोन दिवस आधी तयार.