वॉचमनची वही आणि फॉर्मचं दार

डोंबिवली पूर्वेला माझी मावशी घरगुती डबे देते. मी हौसेने तिला वेबसाइट करून दिली. नाव, फोन, निरोप... झाला फॉर्म तयार! महिन्याभरात कर्जाच्या आणि औषधांच्या जाहिरातींनी तिचा इनबॉक्स भरला. मग मी तयार मिळणारं चित्रकोडं लावलं, 'ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा' वालं. कचरा थांबला. मी खूश.

पुढे एका आजींचा फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठ दिवस डबा हवा होता. फॉर्म तीनदा भरला, पण ते चौकोन काही दिसेनात. डबा मिळालाच नाही. मावशी एवढंच म्हणाली, "अरे, डबा मागायला परीक्षा कशाला?"

उत्तर नव्हतं. म्हणून शनिवारी बसून या दुखण्याचा इतिहास उकरला.

३ मे १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्कने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. हा ईमेल स्पॅमचा मूळपुरुष. फॉर्मची गोष्ट सुरू होते १९९५ला. मॅट राइट नावाच्या पोराने 'फॉर्ममेल' ही फुकट स्क्रिप्ट लिहिली आणि ती जगभर पसरली. गोची अशी, की निरोप कोणाला पाठवायचा तो पत्ता पानातच लपवलेला असायचा. स्पॅमरने तो बदलला, की तुमचा सर्व्हर त्याचा फुकटचा पोस्टमन!

१९९७च्या सुमाराला अल्टाव्हिस्टाने वेडीवाकडी अक्षरं आणली. २०००मध्ये कार्नेगी मेलनच्या लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम वगैरे मंडळींनी याहूसाठी तशीच कोडी केली. त्यालाच पुढे 'कॅप्चा' म्हणू लागले. २००७ला रीकॅप्चा आलं, त्यातून जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून घेतली गेली. २००९ला ते गूगलने विकत घेतलं.

माणूस ओळखायचं कोडं माणूसच सोडवणार, हे ओघाने आलंच. २०१०ला न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं, की भारत, बांगलादेश, चीनमध्ये हजार कोडी सोडवायला ८० सेंट ते १.२० डॉलर मिळतात. म्हणजे तेव्हाचे जेमतेम ३५ ते ५५ रुपये. स्पॅमर पैसे टाकून आत, आणि आजी दाराबाहेर!

मग २०१४ला 'मी रोबो नाही' ही चौकट आली, २०१८ला तीही नसलेली आवृत्ती आली. आता पानावरचं तुमचं वागणं मागून बघून गुण दिले जातात. त्रास नाही, पण पाळत आहे. डबा मागायला आलेल्या माणसाची खबर तिसऱ्याच कंपनीला जाते.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत वॉचमनची वही आहे. नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे आलात. पुढचा येणारा आधीच्या वीस जणांचे नंबर आरामात वाचू शकतो. चोर मात्र खोटं नाव लिहून आत जातो. अगदी तीच तऱ्हा!

२४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण मावशीच्या फॉर्मसाठी कोर्टापर्यंत जायची गरजच नव्हती.

चित्रकोडं काढून टाकलं. एक रकाना असा ठेवला जो माणसाला दिसत नाही. बॉट बिचारा दिसेल तो रकाना भरतो आणि सापडतो. अंध लोकांचं स्क्रीन रीडर तो वाचू नये, ब्राउझरने तो आपोआप भरू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. शिवाय तीन सेकंदांच्या आत फॉर्म आला तर तो बाजूला जातो, पुसला जात नाही. सगळं आपल्याच सर्व्हरवर, बाहेर काही जात नाही. खास मावशीच्याच फॉर्मवर कोणी डोळा ठेवला तर हे पुरणार नाही, हेही खरं.

अजून दिवसाला दोन-चार जाहिराती येतात. मावशी पोळ्या लाटून झाल्या की त्या पुसून टाकते. म्हणते, "हा त्रास माझा, गिऱ्हाइकाला कशाला?"

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे सुचलं नव्हतं. असो. आजींचा डबा आता चालू आहे.